पावती ५००० ची, जमा ४८८२



आपल्या मंदिरांच्या वेबसाइट आता गावोगावी झाल्या आहेत. सुरुवातीला त्यावर मूलनायकांचा फोटो आणि पंचकल्याणकाची पत्रिका एवढंच असायचं. मग धर्मशाळेच्या खोल्यांचं बुकिंग आलं, अभिषेक-शांतिधारेची नावनोंदणी आली, आणि आता तिथेच कार्डानं पैसे भरायची सोय करायचं घाटतंय. आमच्या ट्रस्टमध्येही हीच चर्चा चालू आहे. काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, देवाच्या दारात कार्ड-बिर्ड कशाला, दानपेटी आहे की. तरुण मंडळी म्हणतात, दोन दिवसांचं काम आहे, गेटवे कंपनीकडे खातं काढायचं आणि बटण जोडायचं.

माझं मत विचाराल तर सोय जरूर करावी. पण या दोन्ही बाजू ज्या प्रश्नावर भांडतायत तो मुळात मुख्य प्रश्नच नाही. मुख्य प्रश्न खातेवहीचा आहे. तो वेबसाइट करून देणाऱ्या मुलाला सुचणार नाही आणि त्यानं तो एकट्यानं सोडवूही नये. तो आपण विचारायचा.

आधी सोय का हवी ते सांगते. आपल्यातल्या किती जणींना आता गुडघ्यांमुळे रोज मंदिराच्या पायऱ्या चढवत नाहीत? मग दशलक्षण पर्वात त्या पाकिटात पैसे घालून कुणाच्या तरी हाती देतात. 'अमुक इतके आहारदानाला, अमुक इतके औषधदानाला' असं तोंडी सांगतात. नेणारी माणसं चांगलीच असतात, पण निरोप चार हातांतून जाताना बदलतो, आणि पावतीवर बहुधा मुलाचं नाव नाहीतर यजमानांचं नाव पडतं. स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावानं, आपल्याला हव्या त्या कारणासाठी दान देता यावं हे काही थोडकं नाही. त्यासाठी कार्ड लागलं तर लागो. शिवाय २००० रुपयांच्या वरची देणगी रोख दिली तर ८०जीची सवलत मिळत नाही, तेव्हा ज्या संस्थांना ती आहे तिथे बँकेतून दिलेलंच बरं.

आता खातेवहीकडे येऊ.

समजा तुम्ही वेबसाइटवर क्रेडिट कार्डानं देवद्रव्यासाठी ५००० रुपये दिलेत. तुमच्या कार्डाच्या बिलावर ५००० पडले. गेटवे कंपनीचा दर समजा २ टक्के ठरलाय, म्हणजे तिचे १०० रुपये, आणि त्या १०० वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८. एकूण ११८ रुपये कापून ट्रस्टच्या बँकखात्यात साधारण दोन-तीन कामाच्या दिवसांनी ४८८२ येतात. तुम्हाला पावती ५००० ची मिळते. मग देवद्रव्याच्या खात्यावर किती जमा करायचे?

बऱ्याच ठिकाणी उत्तर असतं, जे बँकेत आले ते. पासबुकात ४८८२ दिसतात म्हणून ४८८२. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण आपण बी.कॉम.ला शिकलेला पहिला धडा आठवा, उत्पन्न आणि खर्च एकमेकांत वजा करून लिहायचे नाहीत. ४८८२ लिहिले याचा अर्थ असा की गेटवे कंपनीचं बिल देवद्रव्यातून भागवलं. मंदिरात कार्ड घ्यायची सोय आपण आपल्यासाठी केली. तिचा खर्च देवाच्या पैशातून कसा करायचा? मंदिरात वाहिलेला तांदूळ आपण घरी आणून शिजवत नाही. निर्माल्य म्हणजे काय हे आपल्या पाठशाळेतल्या लहान मुलांनाही माहीत असतं. मग ११८ रुपयांचं निर्माल्य मात्र चालतं का?

कुणी म्हणेल, काकू, ११८ रुपयांसाठी एवढं कशाला? पर्वाच्या दहा दिवसांत ५ लाख रुपये क्रेडिट कार्डांवर आले तर याच दरानं ११,८०० होतात. आणि रक्कम लहान असती तरी मी हेच म्हटलं असतं. अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठ केलेत, त्यातला एक हीनाधिकमानोन्मान. घेताना एका मापानं घ्यायचं आणि देताना दुसऱ्या. पावती ५००० ची लिहायची आणि जमा ४८८२ करायचे, ही दोन मापं नाहीत तर काय आहे?

यावर एक सोपा तोडगा सुचवला जातो, तो म्हणजे दात्याकडूनच वरचे पैसे घ्या, ५००० ऐवजी ५११८ भरायला सांगा. मला तो पटत नाही. (हिशेबानंही तो चुकतो, कारण मग कापणी ५००० वर होत नाही, ५११८ वर होते, आणि पुन्हा अडीच-तीन रुपये कमी पडतात.) डेबिट कार्डाच्या बाबतीत तर तो नियमातही बसत नाही. कापल्या जाणाऱ्या या रकमेला मर्चंट डिस्काउंट रेट, एमडीआर, म्हणतात, आणि डेबिट कार्डावरचा एमडीआर ग्राहकाच्या माथी मारायचा नाही असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे. डेबिट कार्डाला तिनं २०१८ पासून वरची मर्यादाही घालून दिली आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर ०.४० टक्के, त्यापेक्षा मोठ्यांना ०.९० टक्के, यापेक्षा जास्त नाही. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून एमडीआरच नाही. गेटवे कंपनी त्यावरही स्वतःच्या सेवेचं वेगळं शुल्क लावते का, ते मात्र करारात वाचून घ्यावं. म्हणून वेबसाइटवर पर्याय मांडताना यूपीआय सगळ्यांत वर, मग डेबिट कार्ड, मग क्रेडिट कार्ड, असा क्रम ठेवला तर अर्धा प्रश्न तिथेच हलका होतो.

उरलेल्या अर्ध्याचं उत्तर माझ्या मते एकच आहे, हा खर्च सर्वसाधारण खात्यानं सोसावा. नोंद अशी होईल. बँक खाते नावे ४८८२, गेटवे शुल्क नावे ११८, देवद्रव्य जमा ५०००. आणि नुसती नोंद करून थांबायचं नाही. देवद्रव्याचं बँकखातं वेगळं असेल तर ते ११८ रुपये सर्वसाधारणच्या खात्यातून महिन्याअखेरीला प्रत्यक्ष तिकडे वळते करायचे.

इथे खजिनदार हात वर करतात, कारण सर्वसाधारण खातं हे आपल्या बहुतेक मंदिरांचं सगळ्यांत गरीब खातं असतं. सवाल होतात तेव्हा (मुंबई-पुण्याच्या मैत्रिणी बोली म्हणतील) पहिल्या कलशासाठी चढाओढ लागते. विजेचं बिल, पुजाऱ्यांचा पगार, टाकीची सफाई यांचा सवाल कुणी घेत नाही. त्यावर नावाची पाटी लागत नाही ना! पण वेबसाइट ही ते सुधारायची चांगली संधी आहे. देणगीच्या पानावर 'सर्वसाधारण' असा शब्द टाकला तर कुणाच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. त्याऐवजी 'मंदिर चालवण्याचा रोजचा खर्च' असं सरळ लिहा, खाली एका ओळीत वीज, पाणी, पगार, कार्डाचं शुल्क असं सांगा, आणि हा पर्याय यादीत तळाला टाकू नका. बायका घर चालवतात, त्यांना रोजचा खर्च म्हणजे काय ते समजतं. त्या देतील.

हे पान कसं असावं याबद्दल आणखी एक. रक्कम भरायच्या आधी खातं निवडायला लावलंच पाहिजे. आहारदान, औषधदान, शास्त्रदान, अभयदान, देवद्रव्य, रोजचा खर्च. कुठलंही आधीपासून खूण करून ठेवायचं नाही. हल्ली काही ठिकाणी देणगी देताना खाली आपोआप खूण केलेला चौकोन असतो आणि त्यातून वरची रक्कम बेमालूम जाते. ग्राहकांना फसवणाऱ्या अशा युक्त्यांबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि न विचारता बिलात देणगी घुसडणं हे त्यात नाव घेऊन दिलेलं आहे. दानधर्माच्या नावाखाली दुकानदारानं करू नये ते धर्मसंस्थेनं तर मुळीच करू नये.

निवडलेलं खातं पुढे सरकलंही पाहिजे. गेटवे कंपनी दिवसभरातल्या बारा जणींच्या देणग्यांची मिळून एकच रक्कम बँकेत टाकते. पासबुकात एक आकडा. त्यात कुणाचं औषधदान आणि कुणाचं देवद्रव्य हे पासबुक सांगत नाही. कंपनी रोजचा जमा-अहवाल देते. त्यातल्या एकेका व्यवहाराचा आपल्या पावतीशी मेळ घालणारं माणूस आहे का, हे बटण जोडायच्या आधी ठरवा. मार्चअखेरीला तर डोळ्यांत तेल घालून. ३१ मार्चला दिलेले पैसे एप्रिलमध्ये बँकेत येतात, पण देणगी त्या वर्षीची, म्हणजे ताळेबंदात 'गेटवेकडून येणे' दाखवायला लागतं. मेळ घालायचं काम आठवड्यातून दोन तासांचं असेल. आपल्यात निवृत्त बँकवाल्या, शिक्षिका, हिशेब येणाऱ्या कितीतरी आहेत. फलाहाराच्या तयारीला जशा सगळ्या बोलावता, तसं या कामालाही बोलवा की.

आता थोडं संगणकाच्या बाजूचं. मी त्यातली नाही, पण वेबसाइट करणाऱ्या मुलाला मी शेजारी बसवून सगळं विचारलं आणि त्यानंही न कंटाळता सांगितलं. 'काकू, हे कोडमध्ये फार मोठं काम नाही,' हे त्याचं पहिलं वाक्य. दोन तासांनी त्याच्याच वहीत बरंच काही लिहिलेलं होतं.

पहिली गोष्ट कार्डाच्या नंबराची. आपल्या वेबसाइटवर कार्ड नंबर लिहायची चौकट आपली असूच नये. 'देणगी द्या' म्हटल्यावर गेटवे कंपनीचं पान उघडावं, नंबर, मुदत, मागचे तीन आकडे आणि ओटीपी सगळं तिथे व्हावं, आणि आपल्याकडे फक्त 'या क्रमांकाच्या व्यवहाराचे पैसे आले' एवढंच यावं. १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्डाचं नेटवर्क सोडून कुणालाही कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवता येत नाही. ओळख पटवायला शेवटचे चार आकडे ठेवता येतात. त्याऐवजी टोकन असतं, कार्डाच्या जागी चालणारा पण दुसरीकडे निरुपयोगी असा क्रमांक. कार्डाची माहिती हाताळायची असेल तर पीसीआय डीएसएस नावाचे कडक सुरक्षा-नियम पाळावे लागतात. आपल्या छोट्या ट्रस्टला ते झेपणारे नाहीत आणि त्याची गरजही नाही. जे सांभाळता येत नाही ते घरात आणूच नये, अपरिग्रहाचा हा अगदी व्यवहारातला उपयोग.

हे इतकं ठासून सांगते कारण कागदावर नंबर लिहून घ्यायची सवय अजून गेलेली नाही. एका तीर्थक्षेत्राच्या धर्मशाळेत, नाव घेत नाही, खोली राखून ठेवायला फोनवर कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे मागितले होते आणि समोरचे गृहस्थ ते रजिस्टरमध्ये लिहीत होते. मी फोन ठेवला आणि मनीऑर्डरच्या काळातल्यासारखं पत्र पाठवलं. वेबसाइट कितीही सुरक्षित असली तरी ऑफिसातल्या वहीत नंबर उतरले तर काय उपयोग? ती वही बंद करा.

दुसरी गोष्ट पावतीची. पैसे भरल्यावर पडद्यावर 'यशस्वी' असं दिसतं त्या क्षणी पावती फाडायची नाही. ते पान कुणी मध्येच बंद करतं, कुणाचं नेट जातं. गेटवेकडून आपल्या सर्व्हरला स्वतंत्र निरोप येतो, त्याला वेबहुक म्हणतात. त्यावर कंपनीची संगणकी सही असते, ती तपासायची, रक्कम आपल्याकडे नोंदवलेल्या रकमेशी जुळते का पाहायचं आणि मगच पावती. तोच निरोप कधी कधी दोनदा येतो. म्हणून प्रत्येक देणगीला आपला क्रमांक आधीच दिलेला हवा, म्हणजे एका देणगीच्या दोन पावत्या निघत नाहीत. हे ऐकून मला आमच्या जुन्या मुनीमजींची आठवण झाली. चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाच्या शब्दावर ते कधी नोंद करत नसत, सही ओळखत, रक्कम मोजत, मग दौतीत टाक बुडवत.

आणि मैत्रिणींनो, तुमच्यासाठी एक. कार्डातून पैसे गेले, पण मंदिराकडे पोचल्याचं दिसत नाही, असं झालं तर घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरू नका. अशा अडकलेल्या व्यवहाराचे पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत, आणि त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. पाच दिवस थांबा, मग बँकेला लिहा.

तिसरी गोष्ट ईएमआयची. गेटवेच्या पानावर 'हप्त्यांनी भरा', 'आता घ्या, नंतर द्या' असले पर्यायही येतात. आपल्याला नको असलेले पर्याय बंद ठेवायला सांगता येतं, आणि मंदिराच्या पानावर ते बंदच असावेत असं माझं स्पष्ट मत आहे. क्रेडिट कार्डाचं बिल वेळेत पूर्ण भरणारीचं दान आणि रोखीचं दान यात मला फरक वाटत नाही. पण व्याज भरून, हप्ते करून शांतिधारेचा मान घ्यायचा हे दान नव्हे, ते कर्ज आहे. सभेत भावनेच्या भरात सवाल घेतले जातात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्याला सहा हप्त्यांचं बटण आपण पुरवू नये. (कार्डावर देणगीचे रिवॉर्ड पॉइंट मिळतात म्हणून क्रेडिट कार्डच वापरणाऱ्या एक-दोघी मला माहीत आहेत. त्या पॉइंटांचं काय करता, एवढंच मी त्यांना विचारलं.)

चौथी गोष्ट परदेशातल्या मुलींची, आणि ही नाजूक आहे. लेकी-सुना अमेरिकेत, इंग्लंडात आहेत, त्यांना गावच्या मंदिराला द्यायची ओढ असते, आणि वेबसाइट झाली की पहिली मागणी त्यांचीच येते. पण परदेशी देणगीला एफसीआरएची परवानगी लागते आणि ते पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. भारतीय पासपोर्ट असलेली मुलगी तिकडे राहत असली तरी तिनं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगीत मोडत नाहीत. तिनं तिकडचं नागरिकत्व घेतलं की मोडतात, मग ती जन्मानं आपल्याच गल्लीतली का असेना. गेटवेला तिचा पासपोर्ट दिसत नाही. म्हणून परवानगी नसलेल्या ट्रस्टनं परदेशी कार्डं सरळ बंद ठेवावीत आणि नागरिकत्व विचारणारी चौकट अर्जात घालावी. मुली रुसतील. रुसू देत. राज्याचा नियम ओलांडून व्यवहार करणं, विरुद्धराज्यातिक्रम, हाही त्याच पाच अतिचारांतला एक आहे.

शेवटची गोष्ट दरमहा देणगीची. एकदा कार्ड जोडलं की महिन्याला ठरावीक रक्कम आपोआप जायची सोय करता येते. ट्रस्टला ही फार आवडते, कारण पैसा नियमित येतो. नियम चांगले आहेत. पहिल्यांदा ओटीपी लागतो, प्रत्येक वेळी पैसे जायच्या किमान २४ तास आधी बँकेनं कळवायचं असतं, आणि १५,००० रुपयांच्या वरची रक्कम असेल तर दर वेळी पुन्हा ओटीपी. पण आपल्या वयाच्या किती जणी तो मेसेज वाचतात? बाई आजारी पडते, तिचं आर्थिक गणित बदलतं, कधी ती राहतच नाही, आणि तिच्या नावानं दान चालूच राहतं. घरच्यांना ते बंद कसं करायचं माहीत नसतं आणि मंदिराला फोन करून 'आईचं दान थांबवा' म्हणायला जीभ रेटत नाही.

म्हणून मी ट्रस्टला असं लिहून दिलंय. दरमहा देणगी ठेवायची असेल तर तिला शेवटची तारीख असावी, अक्षय तृतीयेपासून पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत. त्या दिवशी भगवान ऋषभदेवांच्या पारण्याची, पहिल्या आहारदानाची आठवण आपण करतोच. त्याच दिवशी ज्यांना पुढे चालू ठेवायचंय त्यांनी नव्यानं होय म्हणावं, बाकीच्यांचं न विचारता थांबावं. आणि वेबसाइटवर 'सुरू करा' हे बटण जेवढं मोठं, तेवढंच मोठं 'थांबवा' असावं, त्याच पानावर, मराठीत.